मशेरी सोडायची म्हणजे नेमकं काय सोडायचं?

प्रश्नावलीत "तुम्ही तंबाखू घेता का?" एवढाच प्रश्न टाकून मोकळे होऊ नका. लालबागच्या चाळीतल्या ओळखीच्या एका काकूंना मी हेच विचारलं होतं. "छे गं बाई!" म्हणाल्या. ओट्यावर मशेरीची डबी होती. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी ते दात घासणं होतं.

अशा काकू किती असतील? डॉ. प्रकाश गुप्ता यांनी १९९६ मध्ये मुंबई शहरातली (उपनगरं सोडून) एक पाहणी प्रसिद्ध केली. मतदार यादीवरून शोधलेली, ३५ आणि त्यावरच्या वयाची ९९,५९८ माणसं, आणि नोंदी चक्क हातात मावणाऱ्या संगणकावर! त्यात ५७.५ टक्के स्त्रिया तंबाखू वापरत होत्या. जवळपास सगळ्या धूरविरहित, आणि त्यात मशेरी खूप.

आता वर्तनबदलाकडे येऊ. सुझन मिची आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेलं 'कॉम-बी' प्रारूप सांगतं की वर्तन घडायला क्षमता, संधी आणि प्रेरणा तिन्ही लागतात. आपण बहुतेकदा पहिल्यावरच अडकतो: माहितीपत्रक वाटा, झालं. पण काकूंना माहिती कमी नाही, टाटा हॉस्पिटल परळला, हाकेच्या अंतरावर आहे. त्यांची अडचण संधीत आहे. डबी डोळ्यांसमोर असते. आणि प्रेरणा म्हणाल तर विचार करायच्या आधीच बोट डबीत जातं.

म्हणून "सोडेन" या निश्चयापेक्षा पीटर गोलविट्झरची 'जर-तर' योजना बरी: नळाला पाणी आलं की आधी ब्रश. डबी माळ्यावर. अर्थात निकोटीनची तलफ नुसत्या युक्तीने जात नाही. त्यासाठी १८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथे समुपदेशन मिळतं.

आणि ते '२१ दिवसांत सवय' कृपा करून सिनॉप्सिसमध्ये लिहू नका. फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात मध्यक ६६ दिवस आला, पल्ला १८ ते २५४. तोही नवी, साधी सवय लावण्याचा. व्यसन सुटण्याचा नाही.

काकूंची सकाळची मशेरी सुटली. दुपारची चालू आहे. का, विचारलं तर म्हणाल्या, "ती दातांसाठी नाही गं, जाऊबाईंबरोबर बसायला लागते." म्हणजे दुपारसाठी तक्ता पुन्हा कोरा घ्यायचा, आणि या वेळी जाऊबाईंनाही बसवून विचारायचं.