जेट लॅग : निद्रा आणि प्रकाशाची वेळ
अनेक कालविभाग ओलांडल्यावरही शरीरातील जैविक घड्याळ जुनीच वेळ पाळीत राहते. यालाच ‘जेट लॅग’ म्हणतात. हे घड्याळ बहुतेकांत २४ तासांहून किंचित मंद असल्याने पूर्वेकडील प्रवास अधिक जाचतो. उन्हाळ्यात लंडन मुंबईच्या साडेचार तास मागे असते. तेथे पंधरवडा राहून परतलेल्या प्राध्यापकाचे सकाळी ८ चे व्याख्यान शरीराच्या लेखी पहाटे ३.३० ला होते! ‘सकाळचे ऊन घ्या’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला येथे पहिल्या दिवशी उलटतो. नेहमीच्या जागे होण्यापूर्वी साधारणतः २ ते ३ तास शरीराचे तापमान नीचांकी असते. त्याआधीचा प्रकाश घड्याळ मागे ढकलतो, नंतरचा पुढे आणतो. लंडनमध्ये ७ ला उठणाऱ्याचा हा क्षण मुंबईत ८.३० ते ९.३० च्या सुमारास येतो. म्हणून पहिल्या दिवशी १० पर्यंत बाहेर गडद चष्मा वापरावा, नंतर ऊन घ्यावे आणि ही वेळ रोज तासभर अलीकडे आणावी.