खाडीवरील पक्ष्यांची नावे : एक टिपण

मुलुंड ते घाटकोपर या उपनगरांच्या पूर्वेस ठाण्याची खाडी पसरलेली आहे. तिचा काही भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ साली त्यास रामसर यादीत स्थान मिळाले. गेल्या हिवाळ्यात भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूने या खाडीकाठी काही विद्यार्थ्यांसह एक सकाळ घालविण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात पक्षी चरत होते. त्यांच्या नावांविषयी तेथे जे सुचले, ते येथे थोडक्यात मांडावयाचे आहे.

ही नावे निरनिराळ्या तत्त्वांवर पडलेली दिसतात. 'टिटवी' हे नाव ध्वनीवरून आले. संस्कृतातील 'टिट्टिभ' हेही तसेच. 'कुदळ्या' व 'चमचा' ही नावे चोचीच्या आकारावरून पडली. 'पाणकावळा' हा सादृश्यमूलक समास होय. हा पक्षी काळा असला तरी कावळ्याच्या कुळातील नव्हे. खंड्यास 'धीवर', म्हणजे मासे धरणारा, असेही म्हणतात. तेथे वृत्तीवरून नाव पडले.

'रोहित' म्हणजे तांबूस. परंतु हा वर्ण त्या पक्ष्यास शेवाळासारख्या अन्नातील रंगद्रव्यांमुळे प्राप्त होतो. त्याची पिले करड्या रंगाची असतात. करड्या पिलासही आपण रोहितच म्हणतो. अवयवार्थ सुटला तरी शब्द सुटत नाही. योगाहून रूढी बलवान, हे आपल्या शास्त्रकारांचे मत येथे प्रत्यक्ष पडताळून पाहता येते.

एक गोष्ट मात्र खेदाने नमूद केली पाहिजे. 'तुतवार' हा शब्द आम्हांपैकी अनेकांनी वाचलेला होता. समोर चिखलात तुरुतुरु चालणारा तुतवार कोणता, हे एकासही दाखविता आले नाही. प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नव्हता. शब्द कोशात राहिला, पण त्याचा पदार्थ आमच्या दृष्टीतून गेला. चिखलाची जागा भरावाने घेतली, तर तो दाखवून देण्याचे स्थळही उरणार नाही.

म्हणून शब्दसंग्रह करणाऱ्याने भरती-ओहोटीच्या वेळा पाहून खाडीवर जावे, तेथील कोळी बांधवांना पक्षी दाखवून नाव विचारावे, आणि शब्दासमवेत स्थळ, ऋतू व पक्ष्याचे वर्णन टिपून घ्यावे. तेवढ्याने नोंद पुरी होईल.