वाईट असते कोठे?

आमच्या वऱ्हाडात दसऱ्याच्या सुमारास पाऊस आला की गावात दोन तऱ्हेचे चेहरे दिसतात. ज्याचे सोयाबीन कापून वावरात पडले आहे, ज्याच्या कपाशीची बोंडे नुकतीच फुटली आहेत, तो कपाळाला हात लावून बसतो. ज्याला कोरडवाहू रानात हरभरा पेरायचा आहे, तो म्हणतो, 'देव पावला.' पाऊस एकच, ढग एकच, दिवसही एकच. मग हा पाऊस चांगला म्हणायचा की वाईट?

वर्गात हा प्रश्न विचारला की मुले चटकन उत्तर देतात, 'सर, दृष्टी तशी सृष्टी. चांगले-वाईट आपल्या मनात असते, बाहेर काही नसते.' हे उत्तर टाकाऊ नाही. मोठमोठ्या विचारवंतांनी ते दिले आहे. सतराव्या शतकातील डच तत्त्वज्ञ स्पिनोझा म्हणत असे की, चांगले व वाईट हे गुण वस्तूंच्या अंगी नसतात. आपण वस्तूंची तुलना करतो आणि ती नावे त्यांना चिकटवतो. त्याने संगीताचा दाखला दिला. उदास माणसाला संगीत बरे वाटते, शोक करणाऱ्याला ते नकोसे होते आणि बहिऱ्याला ते चांगलेही नाही, वाईटही नाही. आपल्याकडे वेदान्ताने दोरी आणि साप यांचा दृष्टान्त दिला आहे. अंधारात दोरी पाहून माणूस घाबरतो. दिवा आणल्यावर साप राहत नाही, आणि भीतीही राहत नाही.

तर मग जगातले सगळेच वाईट असे दोरीवरचा साप आहे काय? आज एवढ्या एकाच प्रश्नाचा विचार करू, आणि तोही पुस्तकात न शिरता. त्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातली दोन गावे पुरेशी आहेत.

पहिले गाव लोणार. तेथील सरोवराची कथा जुनी आहे. लवणासुर नावाचा दैत्य तेथे जमिनीखालच्या विवरात राहत असे आणि लोकांना छळत असे. विष्णूने तरुणाचे रूप घेतले, विवराचे झाकण पायाने उडवले आणि दैत्याला मारले. त्याचे रक्त म्हणजे हे खारे पाणी. गावात दैत्यसूदनाचे प्राचीन मंदिर आहे, ते याच कथेचे.

आता शास्त्र काय सांगते ते पाहा. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने काळ्या पाषाणात पडला. पूर्वी काही जण त्याला ज्वालामुखीचे मुख समजत. पण अशा आघातानेच तयार होणारी काच येथील खडकात सापडली आणि १९७३ च्या सुमारास तो प्रश्न बहुतांशी मिटला. पाणी खारे आहे ते क्षारांमुळे. आत आलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. ते आटते, क्षार मागे राहतात. जून २०२० मध्ये हे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा काही लोकांना पुन्हा दैत्याचे रक्त आठवले असेल. तपासणीत आढळले की, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात या सरोवराला रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळाले.

म्हणजे दिवा आला आणि साप गेला. दैत्य नव्हता, खडक होता, पाणी होते, क्षार होते. येथपर्यंत 'दृष्टी तशी सृष्टी' म्हणणाऱ्यांचे म्हणणे खरे ठरले असे समजायला हरकत नाही.

परंतु दोरीच्या दृष्टान्तात एक गोष्ट सांगायची राहून जाते. साप समजून जो काठी घेऊन धावतो, त्याची काठी खरी असते. नुसती भुई धोपटली तर कोणाचे फारसे बिघडत नाही. पण त्या जागी कोणी माणूस असला तर? एखाद्या गावात मुले आजारी पडतात, गुरे मरतात, आणि कोणी तरी एकट्यादुकट्या बाईकडे बोट दाखवतो: 'हिने करणी केली.' करणी खोटी आहे, तो साप दोरीचाच आहे. पण त्या बाईच्या अंगावर पडलेला मार खोटा आहे काय? दिवा आणल्यावर तो मार नाहीसा होतो काय?

महाराष्ट्रात याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे खटपट करीत होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. त्याखाली सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या कायद्याची एक गोष्ट मला विचार करण्यासारखी वाटते. 'अमुक व्यक्ती करणी करते' असे सांगून तिला मारहाण करणे, तिचे जगणे अशक्य करणे, हा गुन्हा आहे. न्यायाधीशाला भुताचा शोध घ्यावा लागत नाही. माणसाने माणसाला काय केले, एवढेच त्याला पाहावे लागते.

आता दुसऱ्या गावाकडे वळू. देऊळगावराजा तालुक्यात मेहुणा राजा हे गाव आहे. जिजाऊंचे सिंदखेडराजा तेथून जवळच. संत चोखामेळा यांचे हे जन्मगाव अशी परंपरा आहे. चोखोबा विठ्ठलाचे भक्त. पण जन्माने महार, म्हणून देवळाचे दार त्यांना बंद. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता कूस ढासळली आणि तिच्याखाली सापडून १३३८ साली त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी पंढरपुरास आहे, तीही महाद्वारापाशी, देवळाच्या बाहेर. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले आणि त्या वर्षी ते मंदिर अस्पृश्यांना खुले झाले. १३३८ ते १९४७: सहाशे नऊ वर्षे!

येथे लोणारच्या अगदी उलटा प्रकार आहे. लोणारला वाईट नव्हते, तरी लोकांना ते दिसत होते. येथे वाईट होते, आणि ते करणाऱ्यांना दिसत नव्हते. चोखोबांना दारात अडवणाऱ्याला आपण दुष्टपणा करतो आहोत असे वाटत नसेल. तो स्नान करून, नाम घेऊन, धर्म समजूनच दारात उभा असेल.

यावर शंका निघते, आणि ती रास्त आहे. 'त्या काळाची दृष्टीच तशी होती. आजच्या नजरेने त्याला वाईट ठरवणारे तुम्ही कोण?' मी उलट विचारतो, त्या काळाची दृष्टी म्हणजे त्या काळातल्या कोणाची? चोखोबांच्या पत्नी सोयराबाई त्याच काळातल्या, त्याच विठ्ठलाच्या भक्त. विटाळ जर देहाचा, तर विटाळावाचून जन्मलेला देह कोणाचा, हा त्यांच्या अभंगांतला प्रश्न आहे. त्यांचा मुलगा कर्ममेळा तर देवालाच जाब विचारतो. म्हणजे चौदाव्या शतकातही हे वाईट दिसत होते. ज्यांच्या अंगावर येत होते त्यांना दिसत होते. ज्याचे जळते त्याला कळते, ही आपली म्हण उगाच पडलेली नाही.

आणखी एक अडचण आहे, ती लपवून चालणार नाही. खुद्द चोखोबांच्या काही अभंगांत या जन्माचे कारण पूर्वीच्या कर्मात शोधलेले दिसते. सोसणाऱ्यालाही समाज आपलीच उपपत्ती शिकवतो, हे खरे. म्हणून सोसणाऱ्याला उपपत्ती विचारू नये, दुखते का ते विचारावे. कारण पूर्वकर्माचे सांगितले म्हणून दाराबाहेर उभे राहण्याचे दुःख कमी झाले नाही. तसे झाले असते तर ते अभंग लिहिलेच गेले नसते.

हे सगळे मी मोठ्या तोऱ्यात सांगतो आहे, असे कोणाला वाटेल. म्हणून आमच्याच घरची गोष्ट सांगतो. मी लहान असताना आमच्याकडे एक सालदार होता. त्याची कपबशी वेगळी, गोठ्याच्या वळचणीला खोचलेली असे. चहा वरून ओतायचा. कप त्याने स्वतः विसळून पुन्हा तेथेच ठेवायचा. तो वडिलांच्या वयाचा, पण आम्ही पोरे त्याला एकेरी नावाने हाक मारत असू. माझी आजी मायाळू बाई. झाडाचा पहिला आंबा त्याच्या लेकरांना जायचा. तो तापाने पडला तेव्हा तिने रोज काढा पाठवला. आमच्या घरात दुष्ट असे कोणीच नव्हते. आणि ती कपबशी वळचणीला होती.

पुढे मी एम. ए. झालो, शिकवू लागलो. एकदा गावी गेलो असता त्यांच्या घरी गेलो, चहा घेतला आणि धीर करून विचारले, 'काका, त्या वळचणीच्या कपाचं तुम्हाला काय वाटायचं?' ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, 'चहा चांगलाच राहे, भाऊ. पण पोरगं संगं असलं का मी म्हनो, मले नाई पायजे चहा.'

मला आठवले. ते कधी कधी चहा नाकारीत, आणि आजी म्हणे, 'आज याला काय झालं?' मुलाने तो कप पाहू नये म्हणून बाप चहा सोडत होता. हे वाईट कोणाच्या दृष्टीचा खेळ होते? आमच्या दृष्टीला तर ते दिसतही नव्हते. आम्हाला दिसत नव्हते म्हणून ते नव्हते असे मी म्हणू लागलो, तर त्या माणसाने सोडलेल्या चहाचा हिशेब कोठे लावू?

आता मूळ प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे. ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन (३५४ ते ४३०) याने म्हटले होते की, वाईट ही स्वतंत्र वस्तू नाही, तो चांगल्याचा अभाव आहे. ते मला बरेचसे पटते. लवणासुरासारखे कोठे दडून बसलेले वाईट नाही. पण अभाव म्हटला म्हणजे तो नाहीच, असे होत नाही. लोणारच्या काठावर उभे राहून पाहा. खड्डा म्हणजे काय? जेथे दगड हवा होता तेथे तो नसणे. तरी त्या नसण्यात माणूस पडू शकतो, आणि पडला तर त्याचे हाड मोडते. आमच्या घरातही एका गोष्टीचा अभाव होता, बरोबरीचा.

तेव्हा तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. दसऱ्याचा पाऊस वाईट आहे की नाही, हे ज्याच्या त्याच्या पिकावर आहे. लवणासुर आणि करणी हे आपल्या भीतीतून उभे राहिले आहेत. तेथे दिवा आणला की पुरे. पण माणूस माणसाचे जे करतो ते पाहणाऱ्याच्या नजरेवर सोडून देता येत नाही. तेथे सोसणाऱ्याकडे जावे लागते आणि विचारावे लागते.

ज्ञानेश्वरांनी ग्रंथाच्या शेवटी जे मागणे मागितले, त्यात खळांचा नाश व्हावा असे मागितले नाही. त्यांचा वाकडेपणा जावा असे मागितले. वाकडेपणा आहे, हे त्यांनी मान्य केले. आणि तो जाऊ शकतो, हेही मान्य केले. माझ्या आजीचा विचार करताना मला या मागण्याचा फार आधार वाटतो. तिला दैत्य म्हणावे लागत नाही, आणि त्या कपाला खोटेही म्हणावे लागत नाही.

आज आमच्या वळचणीला कपबशी नाही. तेवढ्याने मी निश्चिंत व्हावे असे मात्र नाही. आजीला जसे दिसले नाही, तसे मलाही काही दिसत नसणार. माझ्या घरी येणारे कोणी हल्ली 'चहा नको' म्हणते आहे काय, आणि का, याची चौकशी मलाच केली पाहिजे.