दात्याचं घर

रणगाडा सरळ चालत होता तोवर काहीच कळलं नाही. जागच्या जागी वळवला आणि आतून टर्रर्र असा कोरडा आवाज आला. उजवा पट्टा थांबला, मोटर मात्र फिरत राहिली. लोह्याकडचं काळं रान, सोयाबीन नुकतंच निघालेलं, पाऊस पडून गेलेला. वाफसा यायच्या आधीच मी शर्मन रणगाड्याचं १:१६ मापाचं मॉडेल तिथे उतरवलं होतं. ज्या मातीत बैल घालायला शेतकरी दोन दिवस थांबतो, तिथे हा हातभर लांबीचा रणगाडा घालणं ही चूकच.

पण चूक तेवढीच नव्हती. सरळ जाताना दोन्ही पट्टे जमिनीवरून नुसते गुंडाळत जातात. वळताना तेच पट्टे आडवे घासत सरकतात. एक पुढे, एक मागे, आणि मधली चिकट माती दोघांनाही धरून ठेवते. रणगाड्याच्या गिअरबॉक्सवर सगळ्यात मोठा भार येतो तो चढावर नाही, वळणावर. माझ्या गिअरबॉक्सने तिथेच हात टेकले.

गिअरबॉक्स काय करतो हे मराठवाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. नांदेडच्या कुठल्याही रसवंतीवर उभं राहा. विजेची मोटर मिनिटाला चौदाशेच्या वर फेरे घेते, उसाची लाट मात्र संथ फिरते. मधल्या चाकांनी वेग घेतला आणि त्याच्या बदल्यात जोर दिला. लातूरकडच्या साखर कारखान्यात हेच काम दोन माणसांच्या उंचीच्या गिअरांनी होतं. तिथे टर्बाइन हजारो फेरे घेतं आणि ऊस चिरडणारा रोलर मिनिटाला चार-पाचच.

माझ्या शर्मनचं गणितही तसंच. खरा शर्मन ताशी सुमारे चाळीस किलोमीटर धावायचा. सोळाव्या हिश्शाने ते अडीच किलोमीटर होतात, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाची चाल. पट्टा ओढणाऱ्या स्प्रॉकेटचा घेर चौदा सेंटिमीटर धरला तर त्याला मिनिटाला तीनशे फेरे पुरतात. इवलीशी मोटर पंधरा हजार घेते. म्हणजे पन्नासास एक हवं. एवढी उतरण एका जोडीत होत नाही. चौपट, मग साडेतीनपट, पुन्हा साडेतीनपट अशा तीन जोड्या लागतात. पहिल्या जोडीवर वेग जास्त आणि जोर नगण्य. शेवटच्या जोडीवर वेग संपलेला आणि जोर, घर्षण धरलं नाही तर, जवळजवळ पन्नासपट. मोडतं ते बहुतेक वेळा इथेच. विकत घेताना आपण मोटर किती दमदार आहे ते विचारतो. विचारायला हवं ते शेवटच्या चाकाचे दाते किती रुंद आहेत हे.

शर्मनच निवडला त्याला कारण आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गे निजामाच्या राज्यात शिरल्या, तेव्हा त्यांच्यात शर्मन आणि स्टुअर्ट रणगाडे होते. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. दरवर्षी त्या दिवशी नांदेड-लातुरात झेंडा फडकतो तेव्हा मला ते तीस टनी धूड आठवतं आणि त्याच्या नाकाडात बसवलेला गिअरबॉक्सही. पुढे जायला पाच गिअर, मागे यायला एक, आणि वळताना दोन्ही पट्ट्यांना ताकद पोचवत राहणारा डिफरन्शियल. शेवटच्या जोडीचे दाते माशाच्या काट्यासारखे, दोन्हीकडून तिरपे कापलेले. अशा दात्यांत एका वेळी अनेक दाते भार वाटून घेतात आणि चाक बाजूला ढकललं जात नाही. कापायला अवघड, पण टिकायला भक्कम.

दुसऱ्या महायुद्धात शर्मनसमोर उभा ठाकलेला जर्मन पँथर पंचेचाळीस टनांचा, तोफ सरस, चिलखत सरस. पण गिअर कापणारी यंत्रं अपुरी होती म्हणून त्याच्या शेवटच्या जोडीला साधे सरळ दाते दिले गेले. युद्धानंतर फ्रेंचांनी पँथर वापरून पाहिले आणि १९४७ च्या अहवालात लिहिलं की ही जोडी सरासरी दीडशे किलोमीटर टिकते. नांदेडहून लातूरला जाऊन परत येण्याइतकंही नाही.

जपानच्या टामिया कंपनीने १९७४ साली रेडिओवर चालणारं आपलं पहिलं मॉडेल काढलं तेही १:१६ शर्मनचंच. माझा त्या घराण्यातला नाही, बराच स्वस्त आहे. प्लॅस्टिकची पेटी, आत काही चाकं नायलॉनची, काही पितळी.

ती पेटी घेऊन मी नांदेडात एका लेथवाल्याकडे गेलो. रसवंतीचे आणि कडबाकुट्टीचे गिअर दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. आमच्याकडे अशा माणसाला उस्तादच म्हणतात. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पेटी उघडली, चाकं बोटांनी फिरवली, आणि मोडलेल्या दात्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दांडा बसतो ते भोक दाखवलं. गोल राहिलं नव्हतं, लांबट झालं होतं.

“दाता आधी नाही मोडला, साहेब. दात्याचं घर हललं. घर हललं की दाता दात्यावर चढतो. मग मोडणारच.”

तोवर मी फक्त चाकं बदलायच्या विचारात होतो. मऊ पेटीत पोलादी चाकं घातली असती तर त्यांनी पेटीच खाल्ली असती. म्हणून धातूची पेटी, पोलादी चाकं आणि बुशच्या जागी बॉल बेअरिंग असलेली गिअरबॉक्सची जोडी मागवली. डावी वेगळी, उजवी वेगळी. एक दुसरीचं आरशातलं रूप.

लातूरचा माझा मावसभाऊ साखर कारखान्यात फिटर आहे. पुढचं काम त्याच्याकडे बसून केलं. मोठ्या गिअरच्या दात्यांना निळा रंग लावून ते हळूच फिरवतात आणि रंग कुठे पुसला जातो ते पाहतात. ठसा दात्याच्या मध्यावर आला तर बसणी बरोबर, कडेला आला तर दांडा तिरका. “तुझ्या गिअरलाही हाच नियम,” असं म्हणून त्याने पोराच्या दप्तरातलं निळं मार्कर काढलं. तांदळाच्या दाण्याएवढ्या दात्यांवर भिंगातून ठसा पाहत आम्ही दोघे रात्री एकपर्यंत बसलो होतो. उजवीकडचा ठसा कडेला येत होता. दांड्यावर एक पातळ वॉशर चढवला तेव्हा तो मध्यावर सरकला.

मोटरचा पिनियन आणि पहिलं चाक यांच्यात कागदाची पट्टी धरायची, मोटर त्यावर दाबून स्क्रू आवळायचे, मग पट्टी ओढून काढायची. कागदाच्या जाडीइतकी जागा उरते. ती उरली नाही तर मोटर तापते आणि बॅटरी उपसते; जास्त उरली तर दाते टोकावर भिडतात. ग्रीस बोटभर नको, दात्यांवर चमक येईल एवढंच. काळ्या मातीची धूळ त्यात मिसळली की तीच कानस बनते, म्हणून पेटीचं तोंड झाकावं लागतं.

नव्या पेट्या पुन्हा रणगाड्याच्या लवचीक प्लॅस्टिकच्या तळावरच बसणार होत्या. उस्तादांनी दोन्हींना जोडणारी ॲल्युमिनियमची पट्टी कापून दिली. सगळ्या कामात मला सर्वांत मोलाची वाटली ती हीच.

आता दोन्ही बाजू सारख्या चालायला हव्या होत्या. दोन मोटरी कधीच तंतोतंत जुळत नाहीत, रणगाडा एका अंगाला ओढतो. अर्धा तास उलटसुलट, भाराविना चालवल्यावर हा फरक कमी झाला. आपल्या सैन्यातला टी-७२, म्हणजे अजेय, पेट्यांच्या बाबतीत या मॉडेलच्या जवळचा आहे. त्यात मधोमध एक गिअरबॉक्स नाही, दोन बाजूंना दोन आहेत. चालकाने डावा दांडा ओढला की डावी पेटी खालच्या गिअरवर जाते आणि रणगाडा डावीकडे वळतो. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात, १९६५ च्या युद्धात हाती लागलेल्या पॅटनपाशी उभं राहिलं की नजर तोफेवर जाते. माझी आता स्प्रॉकेटच्या आतल्या त्या फुगीर झाकणावर जाते.

या खेपेला वाफसा येऊ दिला. त्याच रानात शर्मन उतरवला. धातूचे पट्टे, पेट्या, चाकं मिळून वजन पाच किलोच्या घरात गेलं होतं. खऱ्याच्या तीस टनांना १६ च्या घनाने, म्हणजे ४०९६ ने भागलं तर सव्वासात किलो येतात. म्हणजे अजूनही तो हलकाच. ढेकळावर नाक वर करून चढला, माथ्यावर क्षणभर तोलला आणि पलीकडे उतरला. मग जागच्या जागी वळवला. टर्रर्र नाही. एक संथ, भरलेला आवाज, लांबून ऐकलेल्या मळणी यंत्रासारखा. पूर्ण फेरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्यात डाव्या पट्ट्याची एक पिन वाकून बाहेर आली आणि पट्टा उलगडून मातीवर पसरला.

गिअरबॉक्स उघडून पाहिला. दाते जागेवर, निळा ठसा मध्यावर. वाकलेली पिन कागदात गुंडाळून खिशात टाकली. तिची जाडी उस्तादांच्या मायक्रोमीटरवर मोजायची आहे.