सुपीक जमीन, पसरतें शहर व नवे रस्ते

शेतकऱ्याच्या मालमत्तेंत जमीन ही एकच वस्तु अशी आहे कीं, ती एकदां गेली म्हणजे पुन्हा निर्माण करितां येत नाहीं. बैल मेला तर दुसरा घेतां येतो, विहीर आटली तर खोल करितां येते. परंतु पंचगंगेच्या गाळानें शेंकडों वर्षांत तयार झालेलें काळें रान डांबराखालीं अथवा घरांच्या पायाखालीं गेलें, कीं तें कायमचें गेलें. कोल्हापूरच्या बागायतदारांपुढें हाच प्रश्न उभा आहे.

नागपूर ते गोवा या सुमारें ८०२ किलोमीटर लांबीच्या शक्तिपीठ महामार्गाच्या पहिल्या आंखणींत शिरोळपासून आजऱ्यापर्यंत जिल्ह्यांतील सहा तालुके सांपडले होते. शेतकऱ्यांच्या विरोधामुळें ऑक्टोबर २०२४ मध्यें येथील भूसंपादन रद्द झालें. तथापि जून २०२५ मध्यें मंत्रिमंडळानें योजनेस पुन्हा मान्यता दिली व आंदोलनही पुन्हा पेटलें. नागपूर-रत्नागिरी महामार्ग असतां दुसरा कशास, हा शेतकऱ्यांचा सवाल आम्हांस रास्त वाटतो.

भरपाई मिळेल, असें सांगण्यांत येतें. परंतु रस्ता केवळ आपल्या रुंदीएवढीच जमीन खात नाहीं. शेताचे दोन तुकडे होतात, ओढ्यांच्या वाटा बुजतात, पाणीपुरवठा संस्थेची पाइपलाईन तुटते. आणि ज्याचा एक गुंठाही गेला नाहीं, त्याचाही ऊस वाळतो. शिवाय २०१९ व २०२१ सालीं राजाराम बंधाऱ्यापाशीं धोक्याची पातळी ४३ फूट असतां पाणी ५५ फुटांच्या वर चढलें, आणि पुणें-बंगळूर महामार्गही शिरोलीजवळ बंद पडला. अशा खोऱ्यांत आणखी उंच भराव घालणें म्हणजे पुरास बांध घालून शेतांत कोंडणें होय.

दुसरें संकट शहराच्या पसरण्याचें आहे. महानगरपालिका १९७२ सालीं झाली. पुढें अनेक दशकें हद्द वाढली नाहीं, म्हणून २०१७ मध्यें ४२ गांवांसाठीं प्राधिकरण नेमण्यांत आलें. परंतु हद्द वाढो वा न वाढो, वस्ती रस्त्यांच्या कडेनें गुंठ्यागुंठ्यानें पसरतच आहे. येथें सर्व दोष सरकारच्या माथीं मारणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. मुलीचें लग्न वा सोसायटीचें कर्ज पुढें आलें, कीं बांधाकडेचे गुंठे विकणारे आपणच असतों.

आम्ही वाढीचे वैरी नाहीं. शाहू महाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरीची पेठ वसविली, ती गुळाच्या व्यापारास सोय व्हावी म्हणून. आणि राधानगरीचें धरण हातीं घेतलें, तें रान भिजावें म्हणून. पेठ व शेत एकमेकांस पोसतात, हें त्यांनीं जाणलें होतें.

तोच विचार आज हवा. शहरांतील पडीक जागा व जुन्या इमारती आधीं उपयोगांत आणाव्या. पूररेषेच्या आंत बांधकामास परवानगी देऊं नये. जेथें वस्ती वाढविणें अटळ असेल, तेथें १९६६ च्या नगररचना कायद्याखालील योजना करावी. तींत मालकांच्या जमिनी एकत्र करून रस्ते व मोकळी जागा काढितात, आणि आंखीव भूखंड मूळ मालकासच परत मिळतो. नवा महामार्ग आंखण्यापूर्वीं असलेले रस्ते, रेल्वे व एस. टी. सुधाराव्या.

वाचकांस आमची विनंती एवढीच कीं, आपल्या गांवच्या विकास आराखड्याचा नकाशा प्रसिद्ध होतांच स्वतः पाहावा, हरकत मुदतींत लेखी द्यावी, आणि ग्रामसभेस चुकूं नये. मोजणीची सांखळी शेतांत आल्यावर जागें होणें म्हणजे पीक गेल्यावर राखण बसविण्यासारखें आहे.