खाड्याचा दिवसही मोजा

सरासरी शाळेत शिकलो आणि सुटलो, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात घरखर्चापासून मुलांच्या दहावीपर्यंत तिच्यावाचून चालत नाही. रीत सोपी आहे. सगळ्या आकड्यांची बेरीज करायची आणि जितके आकडे तितक्यांनी भागायचे. गफलत होते ती कशाने भागायचे, इथे.

नाक्यावर उभे राहणाऱ्या एखाद्या बांधवाचा आठवडा घ्या. सोमवारी ७००, मंगळवारी ७००, बुधवारी खाडा, गुरुवारी ६५०, शुक्रवारी पुन्हा खाडा, शनिवार-रविवार ७००-७००. बेरीज ३,४५०. रोज किती मिळतो, असे विचारले तर तो म्हणेल, सातशेच्या आसपास. कामाच्या पाच दिवसांनी भागले तर ६९० येतात, तेव्हा तो काही खोटे बोलत नाही. पण चूल सातही दिवस पेटते. सातने भागा, सुमारे ४९३ येतील. दुकानदाराची उधारी, घरभाडे, दूध हे सारे ४९३ वरच भागवायचे असते. खाड्याचा शून्य हाही आकडाच आहे. कर्जाचा हप्ता ६९० धरून ठरवला की महिनाअखेर मुकादमाकडे उचल मागायची पाळी येते.

आता उलटे गणित. घराला रोज ५५० लागतात असे धरा, तीस दिवसांचे १६,५०० झाले. पहिल्या दहा दिवसांत ४,९०० आले. राहिले ११,६०० आणि दिवस वीस, म्हणजे सरासरी रोज ५८० हवेत. सातशेच्या मजुरीने सतरा दिवस काम मिळाले तरच हे जमते. वीस दिवसांत खाडे फक्त तीन! हे दहा तारखेला कळलेले बरे, अठ्ठावीसला कळून काय उपयोग?

मुलांच्या गुणांचेही तसेच. पूर्वपरीक्षेत पाच विषयांत ७५ ची सरासरी हवी, तर एकूण ३७५ लागतात. चार पेपर हाती आले : ६८, ७४, ७१, ७७. बेरीज २९०. पाचव्यात ८५ मिळवावे लागतील, अवघड आहे पण होण्यासारखे आहे. मनात ८० ची सरासरी धरली असेल तर मात्र शेवटच्या पेपरात ११० लागतील, आणि पेपर तर शंभराचा. दहावीला राज्य मंडळाने २०१० साली सहापैकी चांगल्या पाच विषयांचे गुण धरण्याची पद्धत आणली. तिथे सर्वांत कमी गुणांचा विषय गळतो, हे पालकांनी बेरीज करताना ध्यानात ठेवावे.

हजेरी तर फारच फसवी. अट ७५ टक्क्यांची. मुलगी शंभर दिवसांत ६० दिवस शाळेत गेली, तर आणखी पंधरा दिवस गेली की झाले, असे वाटते. पण ते पंधरा दिवस भाजकातही मिळतात. ११५ पैकी ७५ म्हणजे ६५ टक्केच. एकही खाडा न करता सलग ६० दिवस जावे तेव्हा १६० पैकी १२० होतात. लावणीसाठी, लग्नकार्यासाठी, धाकट्या भावंडाला सांभाळायला पोरीला घरी ठेवताना हा हिशेब कुणी करीत नाही.

क्रिकेटवेड्या मुलांना डॉन ब्रॅडमनचे उदाहरण द्यावे. १९४८ साली ओव्हलवर शेवटच्या कसोटीत उतरताना शंभराच्या सरासरीसाठी त्याला चारच धावा हव्या होत्या. एरिक हॉलीजने त्याचा शून्यावर त्रिफळा उडवला. एकूण धावा ६,९९६, बाद ७० वेळा, सरासरी ९९.९४. तो खेळला ८० डाव, पण क्रिकेटच्या रिवाजाप्रमाणे नाबाद राहिलेले दहा डाव भाजकात धरत नाहीत. मुलांना ८० ने भागून पाहायला सांगा, ८७.४५ येईल.