मार्गदर्शित समूहखेळ आणि बालकांचा सामाजिक विकास : खडकवासला परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : समूहखेळ, सामाजिक कौशल्ये, बालवाडी, अंगणवाडी, लिंबूटिंबू

प्रस्तावना :
आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हातातील वस्तू दुसऱ्यास देणे, हार सोसणे आणि भांडणानंतर पुन्हा एकत्र येणे या गोष्टी मुलास शिकाव्या लागतात. ३ ते ६ वर्षे वयात त्या उपदेशापेक्षा खेळातून अधिक सहजपणे येतात. मात्र मुले एकत्र सोडली म्हणजे समूहखेळ आपोआप घडतो, ही समजूत अपुरी आहे. प्रस्तुत लेखात मार्गदर्शित समूहखेळाचे स्वरूप व त्यातील शिक्षिकेची भूमिका यांचा विचार केला आहे.

सैद्धान्तिक आधार :
मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेने १९३२ साली खेळातील सहभागाचे प्रकार मांडले. एकट्याने खेळणे, इतरांचा खेळ पाहणे, शेजारी बसून समांतर खेळणे, साहचर्याने खेळणे आणि सहकार्याने खेळणे हे त्यांपैकी प्रमुख होत. वाळूत शेजारी बसून आपापले खोपे करणारी दोन मुले समांतर खेळत असतात. दोन्ही खोप्यांना जोडणारा बोगदा खणू लागताच सहकार्य सुरू होते. ‘बोगदा करू या का?’ हा शिक्षिकेचा एक प्रश्नही त्यासाठी पुरेसा ठरू शकतो. मार्गदर्शन म्हणजे हुकूम नव्हे, असा याचा अर्थ.

महाराष्ट्रातील परंपरा :
हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. गरीब वस्तीतील मुले केंद्रात येऊ शकत नाहीत हे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. पुढे १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. शिंपले, बिया, पाने, खडे हेच तेथील साहित्य होते. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर नेला.

खडकवासला परिसर :
खडकवासला हे मूळचे धरणाकाठचे गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी व केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र यांसारख्या संस्थांमुळे येथे अन्य प्रांतांतील कुटुंबेही राहतात. अशा परिसरात एकाच वर्गात भिन्न मातृभाषांची मुले येणे स्वाभाविक आहे. शिवाशिवी किंवा तळ्यात-मळ्यात यांसारख्या खेळांचे नियम पाहूनच समजतात. म्हणून भाषा न येणाऱ्या मुलाचा समूहातील प्रवेश त्यांतून सुकर होतो.

खेळांची निवड :
येथे एक दोष विशेष लक्षात घ्यावा लागतो. ‘बाद’ होण्याच्या खेळात सर्वांत आधी बाहेर पडते ते बहुधा संथ, लाजाळू वा वयाने लहान मूल. ज्याला खेळाची सर्वाधिक गरज, तेच कडेला बसून राहते. आपल्या पारंपरिक खेळांत यावर ‘लिंबूटिंबू’ ही तोड होती. लहानग्याला खेळात घ्यायचे, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचे नाही, हा नियम मुलांनीच पाळला. बालवाडीतही हेच तत्त्व योजता येते. संगीत खुर्चीऐवजी बसकरे मांडावीत. दर फेरीत बसकर कमी करावे, मूल कमी करू नये. उरलेल्या बसकरांवर सर्वांनी एकमेकांना सामावून घ्यावे. अखेरीस एकमेकांना धरून उभी राहिलेली मुले हसतात आणि सर्वच जिंकतात.

शिक्षिकेची भूमिका :
१. खेळापूर्वी ६ ते ८ मुलांचा लहान गट करावा आणि एक-दोनच नियम कृतीने दाखवावेत.
२. भांडण झाल्यास लगेच निवाडा देऊ नये. दोघांचे म्हणणे ऐकून ‘आता काय करू या?’ असे विचारावे. मारहाण होत असल्यास मात्र तत्काळ थांबवावे.
३. कडेला उभ्या मुलास ओढून आणू नये. प्रथम टाळी वाजवणे, चेंडू आणून देणे असे छोटे काम द्यावे.
४. कोण कोणाबरोबर खेळले, कोण एकटे राहिले याची नोंद ठेवून पुढील गट बदलावेत.
५. मुले स्वतः खेळ चालवू लागली की हळूहळू बाजूस व्हावे.

समारोप :
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ हा वयोगट पायाभूत स्तर मानून खेळाधारित शिक्षणावर भर दिला आहे. तथापि अक्षर-अंकओळखीच्या घाईत खेळाचा तास हा मोकळा वेळ समजला गेल्यास हे धोरण कागदावरच राहील. मार्गदर्शित खेळाचे यश कोण जिंकले यावरून नव्हे, तर खेळ संपेपर्यंत किती मुले खेळात राहिली यावरून मोजावे.